पाचवा खडा

त्या दुष्काळात आमचं सारं गाव खडी फोडायला जायचं. येरमाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर, उघड्या माळावर आम्ही ओळीनं बसायचो. माझी सासू शांताक्का माझ्या शेजारी. माझी मुलगी मुक्ता, नुकती चालायला लागलेली, मागं दोन काठ्यांवर टाकलेल्या लुगड्याच्या सावलीत. मालक साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेले. यात्रेला येतो असा निरोप होता, पण आले नाहीत.

चैत्र आला आणि मुक्ताला हगवण लागली. चालणारी पोरगी पुन्हा बसायला लागली, मग पडूनच राहायला लागली.

येरमाळ्याच्या येडाई देवीच्या यात्रेच्या तोंडावर नर्सबाई आमच्या कामावर आली. सगळ्या बायांना निंबाखाली बसवून सांगू लागली. उपाशीपोटी उन्हात चालू नका. उपवास धरला तरी पाणी सोडू नका. उघड्यावरचं खाऊ नका. लेकरं गर्दीत नेऊ नका. सणाचा जिवाला घोर लावून घेऊ नका, झोप घ्या.

आमची शेजारीण दगडाबाई म्हणाली, "उपाशीपोटी चालू नका म्हंता बाई, मग आमी घरातच बसावं व्हय?"

साऱ्या हसल्या. नर्सबाईलाही हसू आलं.

"आन् घोराची गोळी आणलीया का पिशवीतनं?"

"त्याची गोळी नसती, मावशी."

"मंग कशाला सांगता!"

हसता हसता नर्सबाईची नजर मुक्तावर गेली. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. बाईचं हसू गेलं.

"हिला कुठं नेऊ नकोस," ती मला म्हणाली. "पाणी उकळून गार कर. त्यात चिमूटभर मीठ आणि साखर घाल. घोट घोट, दिवसभर देत राहा. पाण्यात खंड पडू देऊ नकोस."

पण शांताक्कानं मुक्ता जन्मली तेव्हाच नवस बोललेला. माझं आधीचं लेकरू गेलं होतं. ही जगली तर हिला काखेत घेऊन येडाईचे पाच खडे वेचीन, असा. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली आमराईकडं येते, तेव्हा बायामाणसं रानातले चुनखडीचे खडे वेचतात आणि देवीच्या ढिगावर टाकतात. आमच्याकडं ज्याला त्याला ते पाच खडे ठाऊक.

"मी नेते तिला," सासू म्हणाली.

"आत्याबाई, नर्सबाईंनी काय सांगितलं, ऐकलंत न्हवं?"

"नर्सबाई परवा आली. येडाई कवाची हाय."

"ऊन बघा कसलं हाय. वाटंतच काय झालं तर?"

"आन् घरात झालं तर?"

सोसायटीच्या दुकानातून सणाची म्हणून वाटीभर साखर मिळाली होती. गूळ कुठं दिसत नव्हता, पुरण त्या साखरेतच व्हायचं होतं. निवदाच्या दोन पोळ्या तिनं माझ्या देखत लाटल्या. आत पुरण नव्हतं. साखरेची वाटी तिनं माझ्यापुढं सरकवली.

"हिच्या पाण्याला घे. देवीला अशीच दावीन पोळी. चिडली तर माझ्यावर चिडंल."

आणि पहाटे ती एकटीच गेली. पाणीसुद्धा न पिता गेली; खडे वेचल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, असं तिचं होतं. गाव तिच्या पुढं मागं निघालं.

आमच्या पाण्याचा टँकर उन्हं चढायच्या आत यायचा आणि कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा. तिथून आम्ही शेंदून घ्यायचो. घागरीत तळाला होतं ते मी उकळलं, साखर-मीठ घालून मुक्ताला पाजलं. ती घोट घोट प्यायली. माझ्याकडं बघत होती. मला धीर आला. घागर घेऊन विहिरीवर गेले.

विहिरीवर पिराजीबाबा बसले होते. पायानं अधू, म्हणून यात्रेला गेले नव्हते.

"वाट बघू नगंस, पोरी. टँकर येरमाळ्याला लावलाय. एवढी दुनिया तिथं जमली, तिला पाणी नगं व्हय?"

"मंग इथं?"

"इथं कोन हाय?"

दगडाबाईच्या दाराला कडी. पलीकडच्या दाराला कडी. मुक्ताला खांद्यावर टाकून मी ओढ्यात उतरले. झऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात वाटीनं खरवडत बसले. वाटी बुडायला वेळ लागायचा. जे निघालं ते गढूळ. घरी येऊन ते लुगड्यातून गाळलं, तुराट्या लावून उकळलं, गार व्हायला ठेवलं. वारा घातला. साखर होती. मीठ होतं. पाणी गार झालं तेव्हा मी तिच्या तोंडाला वाटी लावली, आणि ते ओठाच्या कडेनं खाली आलं. पुन्हा लावली. पुन्हा आलं.

पिराजीबाबांनी आणि उरलेल्या एका म्हाताऱ्यानं ओढ्याच्या काठाला मुक्तापुरता खड्डा घेतला.

सासू दिवस मावळताना आली. पाय फुटलेले, ओठ पांढरे. डोक्यावर ओल्या फडक्यानं बांधलेली कळशी. दारातूनच बोलायला लागली.

"जाई, लई पाणी व्हतं गं तिथं! टँकराला टँकर लागलेला. एक थेंब सांडू दिला न्हाय वाटंत." कळशी उतरवून तिनं कनवटीचा खडा काढला. "चार टाकले. पाचवा ठिवलाय. फुडल्या वर्षी मुक्ती टाकंल आपल्या हातानं. उठली का ती?"

तिनं मुक्ता निजायची ती लुगड्याची झोळी पाहिली. झोळी सोडून घडी घातलेली होती.

नेली असती तर, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही, नंतरही कधी नाही. म्हणाली असती तर मी भांडले तरी असते.

कळशीला आम्ही दोघींनी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही टँकर आला नाही, तेव्हा त्यातलंच पाणी प्यालो आणि कामावर गेलो. हजेरी चुकवून चालणार नव्हतं. दगडाबाई माझ्याजवळ येऊन बसली.

सासूनं कनवटीचा खडा काढून मांडीपुढच्या दगडावर ठेवला. आमचा मुकादम कल्याणप्पा मापं घेत चालला होता, तो थांबला.

"आज्जी, चुनखडी मापात धरत न्हाईत. फेका ती."

"धरू नगा," सासू म्हणाली आणि तिनं हातोडी घातली.

तो काही खडीसारखा फुटला नाही. नुसतं पीठ झालं. तिनं ते पदरानं झटकलं आणि पुढचा दगड ओढून घेतला.