अर्धी दाढी आणि पातळ रक्त

भात झोडताना माघ्याच्या छातीत कळ आली. नाशिकला नेऊन त्याच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ही बारीक गोळी रोज जेवणानंतर. रक्त पातळ ठेवते. चुकवायची नाही."

माघ्याला बाकी सगळं पटलं, 'पातळ' तेवढं पटेना. पातळ दूध म्हणजे लबाडी, पातळ डाळ म्हणजे अपमान. मग पातळ रक्ताचं कौतुक कसलं? त्याची बायको ठकी तर त्याच्याहून घाबरली. तिने सकाळची पेज बंद केली आणि पळी उभी राहील असा नागलीचा घट्ट घाटा त्याला चारायला घेतला. गोळीही द्यायची, पण वर म्हणायची, "गोळीने पातळ झाला तं घाट्याने घट्ट होईल."

बाजाराच्या दिवशी माघ्या मोखाड्यात गोरखच्या दुकानात दाढीला बसला. शेजारचा सखा बाकावर आपल्या पाळीची वाट बघत होता. एक गाल झाला. तेवढ्यात सखाला काहीतरी सांगायला माघ्याने मान वळवली आणि वस्तरा हनुवटीला लागला.

गोरखने तुरटी फिरवली. रक्त थांबेना. कापूस लावला, उचलून पाहिलं, पुन्हा लावला, पुन्हा उचलून पाहिलं. पंचा लाल झाला.

"माघूदादा, काय खाऊन आलास?"

"मला पातळ रक्ताची गोळी हाय रं! मडक्याला भोक पडला. आता सगळा वाहून जायचा!"

"बोकडाचा पण येवढा येत नाय," सखाने आपल्याकडून भर घातली.

हे ऐकून गोरखलाच घेरी आली. तो मटकन बाकावर बसला. सखा धावला आणि पेशंट सोडून न्हाव्यालाच वारा घालू लागला.

सुके बोंबील घेऊन ठकी आली ती नेमकी तेव्हा. तिने पिशवी सखाच्या मांडीवर टाकली, नवऱ्याच्या हनुवटीवर कापूस ठेवून वरून अंगठा दाबला आणि त्याला तसाच उभा केला. एका गालाला फेस, हनुवटीला बायकोचा अंगठा, अशी ती वरात भर बाजारातून दवाखान्याकडे निघाली. लोक आपणहून वाट देत होते. बैल कोणाला, शेत कोणाला, हे माघ्याला मरायच्या आधी सांगायचं होतं. पण जबडाच दाबलेला, त्यामुळे सगळी वाटणी "हूं हूं" अशीच झाली.

दवाखान्यात डॉक्टर हर्षदाने अंगठा काढायला लावला. "थांबलंय की रक्त!"

ठकीने वाकून पाहिलं. खरंच थांबलं होतं.

"बाबा, रक्त पाण्यासारखं होत नाही," डॉक्टर म्हणाली. "रक्तात बारीक कण असतात. कापलं की ते एकमेकांना चिकटून भोक बुजवतात. तेच तुमच्या स्प्रिंगवर चिकटले तर नळीच बुजेल, आणि परत झटका. गोळी त्यांचा चिकटपणा कमी करते. म्हणून जखम बुजायला वेळ लागतो. दाबून धरायचं, सारखं उघडून बघायचं नाही."

"म्हणजे जीपसारखा," माघ्या म्हणाला. "माणसं दारातच दाटली तं गाडी हलायची नाय."

"अगदी तसंच. काळी शी झाली, रक्ताची उलटी झाली, डोक्याला मार लागला, तर लगेच यायचं. पण आपल्या मनाने गोळी थांबवायची नाही."

"आन घाटा?" ठकीने विचारलं.

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण खाऊ दे की, चांगला असतो."

घाट्यापासून सुटका होईल म्हणून आशेने बघणाऱ्या माघ्याचा चेहरा पडला.

परतीच्या जीपमध्ये सखा कानाशी लागला. "मला पण दे एक गोळी. जेवलो का माझ्या पण छातीत जळजळते."

माघ्याने गोळ्यांचं पाकीट मुठीत दाबलं. "नाय. आधी डाक्टरनीला दाखव."

"गोळीची पण कंजुषी?" सखा रुसला. अर्ध्या दाढीच्या माणसाशी आपला काही संबंध नाही असं दाखवत तो बाहेर बघत बसला.

तरी जळजळीने त्याला दवाखान्यात नेलंच. तपासण्या झाल्या. पोटात जखम निघाली. माघ्याची गोळी घेतली असती तर त्या जखमेतून रक्त वाहिलं असतं, असं डॉक्टरने सांगितलं. सखा कोंबडा घेऊन माघ्याकडे आला आणि माघ्यानेच मला वाचवला, असं पाड्यात सगळ्यांना सांगत सुटला.

मग माघ्याच्या अंगणात दुखणाईत येऊ लागले. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर. माघ्या प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा, डोळे मिटून विचार करायचा आणि म्हणायचा, "दवाखान्यात जा."

तो हे इतक्या गंभीरपणे सांगायचा, की लोक खरंच जायचे.