मामाच्या कोटाचं माप

तिच्या दुकानात कोट शिवून घ्यायला येणारे पुरुष पाठीमागे तिला ‘परवानगीबाई’ म्हणायचे. कारण टेप लावायच्या आधी ती दरवेळी विचारायची, “खांदा घेऊ?” मग पुन्हा, “छाती घेऊ?” साठीचे बाप्ये लाजून लाल व्हायचे. पण कोट असा बसायचा, की चेष्टा करणारेच दुसऱ्यांदा यायचे.

त्या दुपारी आरशासमोर एक नवरदेव उभा होता, अर्धवट कोटात, अंगभर टाचण्या. तेवढ्यात आई आली. मागोमाग आईचा थोरला भाऊ, म्हणजे मामा.

मामाचा सत्कार होता. कशाबद्दल? तर वाचनालयात तीस वर्षं लहान मुलांना गोष्टी सांगितल्याबद्दल.

“भाचीच्या हातचाच कोट घालणार म्हणतोय दादा,” आई कौतुकानं म्हणाली.

नऊ वर्षांची असताना ती सुट्टीभर मामाकडे राहिली होती. तिथे मामानं काय केलं ते तिनं घरी येऊन आईला सांगितलं. आईनं तिला कडकडीत पाण्यानं आंघोळ घातली, नवा फ्रॉक आणला आणि विषय संपवला. फ्रॉक मात्र झकास होता.

आईनं तिला कपाटाआड ओढलं. “चार वर्षं त्या समुपदेशक बाईंकडे जातेस. बरी झालीस ना? मग घे की माप. नाहीतर वाटायचं, अजून मनात काहीतरी आहे.”

म्हणजे ती बरी झाली, याचा पुरावा मामाच्या अंगावर शिवून द्यायचा. नाही म्हटलं तर आजारी तीच!

ती टेप घेऊन मामासमोर गेली. सवयीनं तोंडातून निघालंच, “खांदा घेऊ?”

मामा खदखदून हसला, हात पसरून उभा राहिला. “अगं बाळ, मला कसलं विचारतेस? मी काय परका आहे?”

“खरंय,” ती म्हणाली. “घरात विचारायची पद्धतच नाही आपल्याकडे. मी नऊ वर्षांची होते, तेव्हा तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

नवरदेव स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

“हिला लहानपणापासून कल्पना फार,” मामा त्याला म्हणाला. हात अजून पसरलेलेच. खाली घ्यावेत की नाही, त्याला कळेना.

“कल्पना नाही. तुम्ही माझ्यावर अत्याचार केलात, मामा. तुमचा कोट मी शिवणार नाही.”

“अगं, हळू! लोक आहेत!” आई.

“आहेत ना. तेव्हा कोणी नव्हतं.”

“शिंपी काय कमी आहेत?” म्हणत मामा तरातरा निघून गेला. आई ना भावामागे गेली, ना लेकीकडे आली. दारातच उभी राहिली.

नवरदेवानं मयतीला आल्यासारखं तोंड केलं. “ताई, बसा तुम्ही. पाणी घ्या. माझं राहू दे हो, मी दुसरीकडे बघतो...”

झालं! पाच मिनिटांपूर्वी ती नावाजलेली कारागीर होती. आता एकदम बिचारी.

“परवा लग्न ना तुमचं?” ती खेकसली. “मग कुठे निघालात टाचण्या घेऊन? सरळ उभे राहा.”

नवरदेव पुन्हा आरशासमोर ताठ झाला. मग तिनं त्याची डावी बाही उसवली आणि नव्यानं लावायला घेतली.

आई अजून दारातच.

“आत ये नाहीतर बाहेर जा,” ती मान वर न करता म्हणाली. “उजेड अडतोय.”