डाव्या हाताची कडी

मी परसातली शेड बोलतेय. बसा, त्या उलट्या बादलीवर बसलात तरी चालेल. माझ्याकडे गप्पा मारायला कुणी येत नाही. येतात ते काहीतरी शोधायला, आणि सापडलं नाही की माझ्यावरच चिडतात. पाना स्वतः गाडीखाली विसरायचा आणि नाव माझं घ्यायचं, ही माणसांची जुनी खोड.

तर आधीच सांगून टाकते, आईला मी नको होते. तिला विकतची हवी होती.

आई म्हणजे या घरातली बाई. बाबांनी मला बांधलं, म्हणून ते बाबा, आणि त्यांची बायको ती आई. मला लाकडी म्हणून कमी लेखू नका, नाती मलाही कळतात. या घरची खरी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते, तिला मी ताई म्हणते. तिने मला अजून बहीण मानलेलं नाही, पण तिचा पाळणा माझ्याच माळ्यावर आहे.

बाबा सुतार. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची दारं-खिडक्या केल्या. एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातला ब्रश गळून पडला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय चार-पाच महिन्यांत ताळ्यावर आला. हात मात्र रुसल्यासारखा राहिला. पेला धरायचा, पण पटाशी धरली की थरथरायचा.

आई नर्स होती. रबरी चेंडू दाबायला लावणं, बोटं मोजून उघडायला लावणं, सगळं तिनेच केलं. दवाखान्यात तिची एक ख्याती होती, ती पेशंटला कधी खोटं सांगायची नाही. सुई दुखणार असेल तर दुखणार म्हणायची. पेशंट आधी घाबरायचे आणि मग तिलाच शोधत यायचे.

बाबांचा सुतारकामाचा कारखाना बंद झाला तशी त्यांची हत्यारं घरी आली आणि मागच्या ओसरीत ताडपत्रीखाली गेली. तिथे आधीच शिडी होती, गवत कापायचं मशीन होतं, अर्धे उरलेले रंगाचे डबे होते. ताडपत्रीला भोकं पडली. एक दिवस बाबांनी करवत बाहेर काढली तर पात्यावर तांबूस गंज. त्यांनी ती तशीच परत ठेवली.

"परसात एक शेड हवी," आई म्हणाली. "विकतच आणू. दोन तासांत उभी राहते. भाऊजींची बघा की, तीन वर्षं झाली, ना गंज ना रंग."

भाऊजी म्हणजे शेजारचे ड्रायव्हरकाका. बस चालवून निवृत्त झालेले, आता कुंपणावर कोपरं टेकून आमचं घर चालवतात. त्यांची शेड प्लास्टिकची, फिकट करडी. दिसायला नीटनेटकी आहे, उगाच नावं ठेवणार नाही.

"ती शेड आहे का? तो मोठा डबा आहे," बाबा म्हणाले. "फळी ठोकायला गेलं तर भिंतच आत येते. खाली चार खुंट्या, बाकी सगळं देवाच्या भरवशावर. मी बांधतो."

"कोणत्या हाताने?"

बोलून गेल्यावर आईने जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. बाबा उठून आत गेले आणि पुढचे दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये एक खोका येऊन पडला. माणसाएवढा लांब, वर हसऱ्या कुटुंबाचं चित्र, मागे चकाचक शेड. बाबांनी चित्र बघितलं आणि चहाचा कप त्या कुटुंबाच्या तोंडावर ठेवला.

आई समोर बसली. "ऐका. खोका उघडला नाही तर दुकानवाले तीस दिवसांत परत नेतात. ते तीस दिवस तुमचे. आत पाण्याचा थेंब येता कामा नये, आणि दार मला एकटीला उघडता आलं पाहिजे. नाहीतर मी खोका उघडणार आणि तुम्ही हत्यारं विकून टाकायची. ती रोज गंजताहेत आणि त्यांच्याकडे बघून तुम्हीही गंजताय. मला ते बघवत नाही."

बाबा म्हणाले, "ठरलं."

आयुष्यभर दारं केलेला माणूस, त्यामुळे त्यांनी सुरुवात दारापासूनच केली. पाया नाही, भिंत नाही, छप्पर नाही, आणि परसात एक दार झाडाला टेकून उभं. ड्रायव्हरकाका कुंपणावरून म्हणाले, "दार तर झालं, आता बेल बसवा." मी त्या वेळी जेमतेम दार होते, तरी मला राग आला.

लोक सोप्या कामाला डाव्या हाताचा मळ म्हणतात. त्यांनी बाबांचा तो महिना बघायला हवा होता. डाव्या हातातली करवत रेघ सोडून भलतीकडेच जायची. तीन फळ्या वाया गेल्या. रंधा मध्येच अडायचा. नवा हात म्हणजे नवशिका कामगार, आणि बाबा नवशिक्यांवर ओरडायला प्रसिद्ध. दिवसभर स्वतःच्या हातावर ओरडत असायचे.

पाया मात्र त्यांनी असा घातला की माझी मान अजून ताठ आहे. सिमेंटचे ठोकळे, लेव्हल लावून एका पातळीत बसवलेले, म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही आणि ओल, वाळवी दोघींना वर यायला वाट नाही. पहार ड्रायव्हरकाकांनी चालवली. टोमणे मारायचे, पण हाक मारली की कुंपण ओलांडून हजर.

बाराव्या दिवशी हातोडी अंगठ्यावर बसली. बाबांनी हातोडी खाली टाकली, फळ्यांच्या ढिगावर बसले आणि रडले. मी त्या वेळी एक दार आणि चार खांब. मला काही करता आलं नाही. पण मला त्यांची इतकी माया वाटली की तेव्हाच ठरवलं, पडायचं नाही.

आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघितलं. बाहेर आली नाही. थोड्या वेळाने खिडकीच्या कट्ट्यावर चहा दिसला आणि शेजारी पट्टीची गुंडाळी. बाबांनी चहा प्याला, अंगठा बांधला आणि हातोडी उचलली.

विसाव्या दिवसाच्या आसपास गंमत झाली. डावा हात स्क्रू फिरवत होता आणि स्क्रू निसटत होता. तेवढ्यात उजवा पुढे आला आणि त्याने तो धरला. थरथरत, पण धरला. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "आलात का? या, उशीर झाला." त्या दिवसापासून उजव्याने धरायचं आणि डाव्याने फिरवायचं. भिंती झपाझप वर गेल्या. पत्रा चढवताना शिडी कुणी धरली असेल? आईनेच. वर बघत नव्हती, पण शिडी दोन्ही हातांनी घट्ट.

तिसाव्या दिवशी सकाळीच दुकानाची गाडी दारात. गाडीवाला विचारत होता, खोका न्यायचा की ठेवायचा. "पाच मिनिटं थांबा," आई म्हणाली आणि परसात आली. ड्यूटीवर जाताना जशी चालायची तशी.

बाबांनी माझं दार ऐटीत उघडलं. आई आत जाऊन रंगाच्या डब्यावर बसली. दार लावलं, आणि ड्रायव्हरकाकांनी बागेचा पाइप माझ्यावर धरला. या माणसाने त्या दिवशी मला धुऊन काढलं. पत्र्यावरून, भिंतींवरून, फटींवरून पाणी. आत आई छताकडे बघत बसलेली. बराच वेळ गेला. ती बाहेर आली तेव्हा तिचा पदर कोरडा होता आणि मी मनातल्या मनात नाचत होते.

"आता दार," ती म्हणाली. "मी उघडते."

तिने उजवा हात कडीला घातला आणि ओढलं. दार सरळ तिच्या कोपरावर आदळलं.

पाइपमधून पाणी चाललं होतं, ते बंद करायचंही ड्रायव्हरकाकांना सुचलं नाही. आईने पुन्हा ओढलं, पुन्हा कोपर. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. कडी उलट्या बाजूला होती. बिजागऱ्याही. महिनाभर बाबांनी मला डाव्या हाताने मापलं, डाव्या हाताने बसवलं, शंभर वेळा डाव्या हातानेच उघडून बघितलं. चाळीस वर्षांत ज्यांचं एक दार चुकलं नाही, त्यांनी स्वतःच्या परसात पहिलं उलटं दार लावलं होतं, आणि त्यांना ते आत्ता, सगळ्यांसमोर कळत होतं. त्यांचा चेहरा पडला. गाडीवाल्याने बाहेरून हॉर्न दिला.

"मुद्दाम केलंय," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. "माणूस शेडमध्ये येतो तेव्हा उजव्या हातात सामान असतं. म्हणून कडी डावीकडे."

आई नर्स होती हो. खरं-खोटं तिला नाडीवर कळायचं. तिने कोपर चोळलं. मग डावा हात कडीला घातला आणि ओढलं. मी अलगद उघडले, कुरकुर नाही की काही नाही.

"सोयीचं आहे," आई म्हणाली. आणि बाहेर जाऊन गाडीवाल्याला सांगितलं, "खोका घेऊन जा."

याला सात वर्षं झाली. हत्यारं माझ्या भिंतीवर टांगलेली आहेत, तेल लावलेली. बाबा सकाळी येतात, शेजारपाजारच्या मोडक्या खिडक्या दुरुस्त करतात आणि दोन्ही हातांवर ओरडतात. मध्ये एकदा मोठा वारा सुटला आणि ड्रायव्हरकाकांच्या शेडचं छप्पर उडून माझ्या पायाशी येऊन पडलं. मी काही बोलले नाही. बाबांनी ते परत बसवून दिलं, मीही शेजारधर्म पाळला. खरं सांगायचं तर तिला रंग लागत नाही आणि मला दर दोन वर्षांनी लागतो. प्रत्येकीचं काही ना काही असतं.

मागच्या महिन्यात ताई आली होती. कोपर आपटल्यावर म्हणाली, "आई, हे दार उलटं आहे. मी माणूस बोलावते, अर्ध्या तासात बिजागऱ्या बदलून देईल."

"हात लावायचा नाही," आई म्हणाली. "ते मुद्दाम केलंय."

आता तुम्ही ऐकताच आहात तर सांगते. आई एकटी येते तेव्हा अजूनही सवयीने उजवा हात घालते. कोपर आपटतं, ती "आई गं" म्हणते आणि लगेच मागे वळून बघते, बाबांनी ऐकलं तर नाही ना. आणि बाबा एकटे असले की कधीकधी माझ्या बिजागरीवर बोट फिरवतात आणि पुटपुटतात, "चुकलीस गं पोरी. आणि तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." दोघांनाही सगळं ठाऊक आहे, आणि दोघंही मलाच सांगतात.

म्हणून माझी एवढीच विनंती. मला कुणी सरळ करू नका. कधी आमच्याकडे आलात तर उजव्या हातात काहीतरी घेऊन या, काहीही चालेल. डाव्या हाताने कडी उघडा. आणि बाबा बघत असतील तर जरा मोठ्याने म्हणा, सोयीचं आहे.