मंगळूला न बसलेला कोट

मी कोट. मुरबाडच्या बाजारपेठेत नवसूचा फोटो स्टुडिओ आहे ना, तिथं आरशाशेजारी खिळ्याला टांगलेला काळा कोट. दमलोय, म्हणून सावकाश बोलतो.

नवसूनं स्वतःच्या लग्नात मला शिवून घेतलं. हळद उतरली तशी त्यानं मला दुकानात आणून टांगलं. मग काय, ज्याचा फोटो त्याच्या अंगावर मी! जाड्याला बटणं उघडी, बारक्याला मागून चिमटे.

पण माझी खरी नोकरी मेलेल्यांची. जिवंतपणी फोटो काढायला इकडं कुणाला सवड नसते. माणूस गेला की घरचे धावत येतात. हातात कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्याचा फोटो, त्यात कोपऱ्यात मयताचं नखाएवढं तोंड. नवसू ते मोठं करून छापायचा, कात्रीनं सोडवायचा. माझ्यात गोणपाट कोंबून माझा फोटो काढायचा आणि माझ्या गळ्यावर ते तोंड चिकटवायचा. सांध्यावर कुंचला फिरवला की झाला साहेब! उभ्या जन्मात बंडीखेरीज काही घातलं नाय, अशी माणसं माझ्यात बसून हार घालून घेतात. पार शहापूरपर्यंत भिंतीभिंतीवर मीच आहे. इतक्या माना पेलल्या की खांदे भरून आलेत.

हल्ली हे काम मोबाइलवर होतं. नवसूही थकला. तरी मध्यंतरी डोंगराकडच्या वाडीतली बारकी नावाची बाई आली. नवरा मंगळू गेलेला, दिवसकार्य तोंडावर आलेलं. नवसूनं नेहमीसारखा फोटो करून दिला. बारकीनं तो लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो कोन रे?"

"मंगळूच की. तोंड बघ ना."

"तोंड त्याचाच हाय. पन ह्यो घरात आला तं मी भाकर वाढनार नाय. परका वाटतो."

"अगो, कोटात मानूस मोठा दिसतो. समदे कोटच मागतात."

"मोठा कशाला? मला आमचा मानूस पायजे. नायतर राऊ दे. बिनफोटूचा जाऊ दे त्याला."

ती उठली. पार दारापर्यंत गेली.

"बस गो जरा," नवसू म्हणाला. त्यानं अंगातला सदरा काढला, कॅमेऱ्याला आपोआपचा खटका लावला आणि नुसत्या बंडीवर स्टुलावर जाऊन बसला. वय मंगळूचंच, हाडंही तशीच.

बारकीला हसू आलं. "खांदा पाड. भारे वाहून त्याचा डावा खालीच असायचा. अजून पाड. आन् पोट कशाला आत घेतो? नवरी बघायला आलीय का तुला?"

फोटो छापून निघाला. नवसूनं कात्री घेतली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं मुंडकं कापलं. माझ्या गळ्यावरचं मंगळूचं तोंड हलक्या हातानं सोडवलं, तिथं बसवलं. नजर आता तितकी राहिली नाय, म्हणून सांधा जरा दिसतोच.

बारकीनं फोटो हातात घेतला. बघितला, आणि घसरलेला पदर पटकन डोईवर ओढला.

मला वाईट वाटलं नाय. एक मान कमी झाली, तेवढंच हलकं वाटलं.

नवसूनं मला अजून खिळ्यावरून काढलेलं नाय. तुम्ही कधी इकडं आलात तर त्याला एवढं सांगा, हा कोट आता कुणाला तरी देऊन टाक. फोटोसाठी नको. ज्याला थंडी वाजते त्याला.