जर्मनीचा फर्ड्या

जरा खाली बघा. आणखी खाली. हां, बोलतोय तो मी, या ओट्याच्या सावलीतून. माझे पाय वीतभर, अंग मात्र चांगलं लांबलचक, आणि कान जमिनीला टेकायला आलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याच्या अंगावरून बैलगाडी गेली असावी. शेजारची कडूबाई तर मला बघून हळहळली होती. "आईला खायला मिळालं नसंल पोटुशी असताना," ती म्हणाली आणि अर्धी भाकरी टाकून गेली. तसं काही नव्हतं. भाकरी मात्र मी खाल्ली.

आमची जातच अशी. जर्मनीत म्हणे आमच्या पूर्वजांना बिळातली जनावरं ओढून काढायला पाळत. माझे आईबाप मिशनच्या मिससाहेबांबरोबर बोटीने मुंबईला आणि तिथून आगगाडीने राहुरीला आले. मी मात्र इथलाच. मिशनच्या बंगल्यामागे धान्याची कोठी आहे, तिथं ज्वारीच्या पोत्यांआड माझा जन्म झाला. मिससाहेबांनी माझं नाव ठेवलं फर्डिनंड. त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या मार्थाने ते नाव दिवसभर चालवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी फर्ड्या झालो.

पुढे माझे आईबाप गेले आणि मिससाहेबही थकल्या. मायदेशी परत जायला निघाल्या तेव्हा त्यांनी मला उचलून मार्थाच्या हातात दिलं. दोघी खूप रडल्या. टांगा स्टेशनाच्या वळणाला दिसेनासा झाल्यावर मार्थाने पदराने आधी स्वतःचं नाक पुसलं, मग माझं.

तेव्हापासून मी मार्थाच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तिचा नवरा इसहाक मिशनच्या शाळेत चित्रकला आणि गायन शिकवायचा. फार सज्जन माणूस, कुणाला नाही म्हणताना त्याच्या कपाळाला घाम यायचा. मार्थाचं तसं नव्हतं. ती दिवसभर मला बोलायची. "मेल्या, दूध प्यालास का? मेल्या, उन्हात कशाला पडलाईस?" तिच्या तोंडून हे ऐकता ऐकता मला बरेच दिवस 'मेल्या' हे आपलं आडनाव वाटत होतं.

आमचं सुखाने चाललं होतं. अशात कानिफनाथ नाना आमच्या दारात आले.

नाना म्हणजे गावातले मोठे बागायतदार. पांढरं धोतर, काळा कोट, आणि बोलताना समोर मोठी सभा बसलीय असा आवाज. पंपाचं काहीतरी आणायला ते मुंबईला गेले होते आणि तिथं कुत्र्यांचं प्रदर्शन बघून आले होते. साहेब लोक, मडमा, गळ्यात पट्टे घातलेली कुत्री. नानांच्या घरी टायगर नावाचा दांडगा अल्सेशियन होता. त्याला असं एखादं बक्षीस मिळावं असं त्यांना फार वाटे. मुंबईला ते मिळायचं नाही हेही त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी प्रदर्शनच राहुरीला भरवायचं ठरवलं होतं.

मजकूर पक्का करून ते इसहाककडे कापडी फलक रंगवून घ्यायला आले. इसहाकने वाचलं, "भव्य आंतरराष्ट्रीय श्वान प्रदर्शन, राहुरी." वाचून त्याने चष्मा काढून पुसला.

"नाना, यात आंतरराष्ट्रीय काय आहे?"

"मास्तर, शब्द कसा भारदस्त हाय बघा."

"शब्द चांगलाच आहे. पण कुणी विचारलं तर?"

नाना विचारात पडले. नेमका त्याच वेळी मी इसहाकच्या खुर्चीखालून बाहेर आलो. आधी तोंड आलं, मग बऱ्याच वेळाने शेपूट आलं. नाना माझ्याकडे बघतच राहिले.

"ह्ये कुठलं हो मास्तर?"

"जात जर्मनीची आहे," इसहाक म्हणाला.

"मग झालं की," नाना म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

सत्तर सालच्या थंडीत बाजारतळावर पहिलं प्रदर्शन भरलं. वाड्यावस्त्यांवरून लोक दोरीला बांधून आपापली कुत्री घेऊन आले. एकजण शेळी घेऊन आला होता. तिला घरी सोडून यायला कुणी नव्हतं म्हणाला. वाजंत्री सुरू झाली आणि टायगर नानांच्या खुर्चीखाली शिरला. पहिलं बक्षीस त्याला तिथंच वाकून द्यावं लागलं. पण गर्दी होती माझ्याभोवती. माझ्या गळ्यात इसहाकने सुंदर अक्षरात रंगवलेली पाटी होती, 'फर्डिनंड, जर्मनी.' बायका मार्थाला विचारत होत्या, "ह्याला आपलं अन्न चालतं का गं?" मार्था म्हणत होती, "चालतं म्हंजी? पिठलं दिसलं की भांडं चाटून पुसून ठेवतंय."

नगरच्या एका वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बातमी आली. नानांनी तो कागद इतक्या लोकांना दाखवला की शेवटी त्याच्या घड्या फाटल्या.

दुसऱ्या वर्षी श्रीरामपूर, संगमनेर, नगर असं सगळीकडून लोक आले. पाळणे आले, भेळेच्या गाड्या आल्या, लाउडस्पीकर आला. नगरच्या छावणीतल्या लष्करी अधिकाऱ्यांनी आपली कुत्री जीपमधून आणली. आणि सगळे येताच विचारू लागले, "ते जर्मनीचं कुठंय?" प्रदर्शन मोठं झालं आणि त्याबरोबर मीही मोठा झालो. उंचीने नव्हे.

इथूनच माझे वाईट दिवस आले.

तिसऱ्या प्रदर्शनाची तयारी सुरू होताच नाना पुन्हा आले. या वेळी बसायच्या आधीच बोलले. "मास्तर, फर्डिनंड आता एकट्या तुमचा न्हाई राहिला. साऱ्या तालुक्याचा झालाय. ह्या दोन खोल्यांत तो आजारी पडला, कुणी पळवला, तर प्रदर्शनाचं नाव जाईल. त्याला मी बंगल्यावर नेतो."

"नेतो म्हंजी?" मार्था चुलीपासून उठून आली. "त्यो कुठं जायचा न्हाई."

"बाई, तिथं त्याला गादी हाय, दूध-अंडं हाय."

"हितं मी हाय," मार्था म्हणाली.

नानांनी मग इसहाककडे तोंड वळवलं. त्याला स्वागत समितीचा चिटणीस करणार असल्याचं सांगितलं. त्याचं नाव पत्रिकेवर छापायचं होतं, नानांच्या नावाच्या लगेच खाली. इसहाकचं नाव त्याआधी कुठंच छापून आलं नव्हतं. त्याच्या कपाळाला घाम आला. तो मार्थाकडे न बघता म्हणाला, "थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे, अगं."

मार्था चुलीपाशी परत गेली. तिने मला पिठल्याचं भांडं दिलं, मी ते चाटून संपवेपर्यंत जवळ बसली आणि मग आत जाऊन दार लावून घेतलं.

बंगल्यावर गादी होती, हे खरं. दूध-अंडंही होतं. पण बोलायला कुणी नव्हतं. नानांच्या पत्नी रतनबाई सोवळ्यातल्या. मी व्हरांड्याबाहेर यायचं नाही आणि आतही जायचं नाही, असा त्यांचा नियम. टायगर मला बघून कोपऱ्यात उभा राहायचा. इतक्या बुटक्या कुत्र्याचं काय करायचं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि नाना माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायचे. परदेशी जनावर आपली भाषा विसरलं तर पंचाईत होईल, ही त्यांची काळजी. सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर उभे राहून ते म्हणायचे, "कम. गो. शिट." तिन्ही वेळा मी तसाच उभा. मला वाटायचं, यांचा घसा धरलाय.

मी खाणं सोडलं. रुसलो म्हणून नव्हे, खरंच घास उतरेना. जेवताना कानावर 'मेल्या' पडल्याशिवाय जेवण सुरू झालंय असं मला वाटतच नसे. दोनदा मी पळून जायला निघालो. पण व्हरांड्याला उंच पायऱ्या, आणि माझे पाय हे असे. पहिल्या पायरीवर पुढचे पाय खाली गेले, मागचे वरच राहिले, आणि मधला मी तसाच अडकून पडलो. गड्याने उचलून परत गादीवर ठेवलं.

बहात्तरच्या सुरुवातीला तिसरं प्रदर्शन भरलं. तशी गर्दी राहुरीने बघितली नव्हती. रस्त्यावर एसट्या अडकल्या. पुण्या-मुंबईहून मोटारी आल्या आणि त्यातून अशी कुत्री उतरली की लोक रांग लावून बघायला लागले. एकाच्या डोळ्यांवर इतके केस की पुढं कोणतं आणि मागं कोणतं यावर पैजा लागल्या. पुण्याच्या कुठल्याशा कारखान्यात कामाला असलेला एक खराखुरा जर्मन साहेब आला होता. परीक्षक म्हणून एक निवृत्त कर्नलसाहेब आले होते, पांढऱ्या मिशांचे.

मला मांडवाच्या मधोमध टेबलावर ठेवलं. वाळून मी आणखीच लांब दिसत होतो. कर्नलसाहेब इंग्रजीत काही म्हणाले. मी उभा. नाना पुढं येऊन म्हणाले, "शिट, फर्डिनंड." मी उभा. मग जर्मन साहेब हौसेने जवळ आले आणि माझ्या कानाशी त्यांच्या भाषेत कितीतरी वेळ प्रेमाने बोलले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी कर्नलसाहेबांकडे बघून खांदे उडवले.

लोकांत खसखस पिकली. नानांनी लाउडस्पीकर हातात घेतला. "आपले परदेशी पाहुणे प्रवासानं थकलेले हायेत," ते म्हणाले. मागून कुणीतरी विचारलं, "कुठल्या प्रवासानं? नानांच्या बंगल्यापासून हितंवर?"

त्या हशात मला एक ओळखीचा वास आला. धुराचा, लसणाचा, घासलेल्या भांड्यांचा. प्रदर्शनाला पाऊल टाकणार नाही असं मार्थाने इसहाकला बजावलं होतं. तरी ती बायकांच्या गर्दीतून वाट काढत येत होती. टेबलापाशी येऊन तिने माझ्या बरगड्या बघितल्या आणि तिचा चेहरा बदलला.

"काय दशा केली ह्याची," ती हळूच म्हणाली. "फर्ड्या, बस की रं, मेल्या. समदी बघत्यात."

मी बसलो.

"उजवा पाय दे सायबाला."

मी पाय दिला. मांडवात आता कुणी हसत नव्हतं. कर्नलसाहेब माझा पाय हातात धरून मार्थाला मराठीत म्हणाले, "बाई, हा कुत्रा कुठला?"

नाना काही बोलायच्या आत मार्था म्हणाली, "राहुरीचा हाय साहेब. माझ्या कोठीत जल्मला. जर्मनी त्यानं बघितली न्हाई आन् मीबी न्हाई."

कर्नलसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मला परदेशी विभागातून काढून स्थानिक विभागात घालावं, असा निकाल त्यांनी दिला. नानांचा चेहरा पडला. मग त्यांनी मांडवभर नजर फिरवली. केसाळ, ठिपकेवाली, चपट्या नाकाची कितीतरी परदेशी कुत्री रांगेत उभी होती. प्रदर्शन खरोखरच आंतरराष्ट्रीय झालं होतं, आणि ते कधी झालं हे नानांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांना आता माझी गरज राहिली नव्हती. ते मार्थाजवळ आले, खाकरले आणि म्हणाले, "बाई, त्याला घरी न्या. माझ्याकडं तो जेवत न्हाई."

स्थानिक विभागात एका मेंढपाळाच्या कुत्र्याने मला हरवलं. बरोबरच होतं ते. मला उत्तेजनार्थ टॉवेल मिळाला. इसहाक तो खांद्यावर टाकून आमच्या मागे मागे चालत आला. मार्था त्याच्याशी रविवारच्या उपासनेपर्यंत बोलली नाही. मी मात्र त्या संध्याकाळी दोनदा जेवलो.

पुढल्या वर्षी दुष्काळ होता. प्रदर्शन भरलं नाही. मांडवाचे बांबू नानांनी जनावरांच्या छावणीला देऊन टाकले. तेव्हापासून मार्था त्यांच्याबद्दल जरा बरं बोलते.

यंदा ते पुन्हा भरतंय, उद्याच. परवा नाना आमच्या दारात आले आणि आपणहून ओट्यावर बसले.

"बाई, मोठी अडचण हाय," ते म्हणाले. "परदेशी विभागात कुत्री मावंनात. तालुक्यातल्या समद्यांनी आपापली कुत्री परदेशी म्हणून लिवलीत. त्या मेंढपाळाचंसुदिक आता विलायतचं झालंय. स्थानिक विभागाला एकबी न्हाई. तेवढा फर्ड्याला पाठवा."

नानांनी मला पहिल्यांदाच फर्ड्या म्हटलं. मार्थाने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग अट घातली. ती स्वतः मला उचलून नेणार, दिवस मावळायच्या आत परत आणणार, आणि तिला पुढच्या रांगेत खुर्ची पाहिजे.

म्हणून आज चुलीवर माझ्या आंघोळीचं पाणी ठेवलंय. मला बोलावणं येईलच, तेव्हा निघतो. उद्या तुम्ही आलात तर माझ्यासाठी टाळ्या वाजवायची गरज नाही. मी आता म्हातारा झालोय, आणि पहिला नंबर तसाही दुसऱ्या कुणाला जाण्यासारखा नाही. फक्त एवढं करा. मोठे पाहुणे आले की खुर्च्या कमी पडतात, आणि मग पुढच्या बायकांना कुणी ना कुणी उठवतं. मार्थाला उठवू देऊ नका. ती बसलेली असली की टेबलावरून मला तिचं तोंड दिसतं.