कृत्तिकेच्या खोलीचा डोळा

आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगराच्या खांद्यावर तारकपंथी साधूंचा मठ आहे. सत्तावीस नक्षत्रांच्या सत्तावीस खोल्या. प्रत्येकीच्या दगडी छताला वीतभर भोक, त्याला ते डोळा म्हणतात; आणि खाली दगडी ओटा. साधकानं तिन्हीसांजेला ओट्यावर पाठ टेकायची, आपलं नक्षत्र डोळ्यात आलं की हात जोडायचे. अंगणात जाऊन शोधायचं नाही. देव भेटायला येतो तेव्हा आपण घरी असावं, एवढाच त्यांचा नेम.

पिंपळवंडीचा भागुजी गवंडी कीर्तनात टाळ धरायचा. बुवांची लय हलेल, याची नाही. कामही तसंच, लोंबत्या ओळंब्याच्या दोरीसारखं सरळ. गेल्या उन्हाळ्यात त्यानं कृत्तिकेच्या खोलीचं गळकं छप्पर नवं केलं. जुना डोळा उत्तरेला कललेला दिसला, तेव्हा जुन्या कारागिराचा हात चुकला म्हणून हळहळला आणि कुणी न सांगता पुण्याचं काम म्हणून त्यानं तो सरळ करून टाकला.

माघ लागला आणि मठातून सोपानमहाराजांचा फोन आला. "भागुजी, लंकाबाईंच्या कृत्तिका येईनात रे."

भागुजी दुपारीच पोचला. खुबा मोडून ओट्यावर पडलेल्या लंकाबाई चाळीस वर्षं त्या खोलीत होत्या.

"आई, जरा सरकून बघा की."

"सरकता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

"मग अंगणात न्हेतो उचलून. हलक्या तर हाय तुमी."

"चाळीस वर्षं त्या माझ्याकडे आल्या. आता मी दारात जाऊन उभी राहू, उशीर का केला म्हणून?" त्या हसल्या, मग दमल्या. "चार दिवसांत त्या सांज व्हायच्या आत, उजेडातच निघून जातील, बाबा. पुढचा माघ काही मला दिसत नाही."

भागुजीनं वर पाहिलं. आपला डोळा कसा नेमका डोक्यावर उघडत होता! आणि कृत्तिका जायच्या थोड्या उत्तरेकडून. हात कुणाचा चुकला होता, ते त्याला तिथंच कळलं. कान तापले.

"माझ्या ओळंब्यानं घात केला, आई."

"ओळंबा खरंच बोलतो. फक्त त्याला खालचंच ठाऊक."

ड्रिल लावलं असतं तर छप्पर हादरलं असतं. भागुजी छिन्नी-हातोडा घेऊन वर चढला आणि आपल्या हातची सगळ्यात सरळ कड तिरपी तासू लागला. दगडाच्या चिपा अंगावर पडू नयेत म्हणून सोपानमहाराजांनी लंकाबाईंवर घोंगडी धरली होती. खालून महाराजांचे हुकूम येत होते, "अजून उत्तरेला. अजून. आता पुरे, राव, भगदाड पाडतोस काय!"

तिन्हीसांजा सरल्या. घोंगडी निघाली. भागुजीनं हातोडा ठेवला आणि श्वास धरून भोकातून खाली वाकला.

"दिसतंय का, आई?"

तो आणखी खाली वाकला.

"भागुजी."

"जी, आई."

"तुझं डोकं काढ मधून."

तो झटक्यानं मागं झाला. खाली अंधारात दोन वाळके हात सावकाश जुळताना त्याला दिसले, आणि टाळ नसताना त्याच्या बोटांनी आपसूक ठेका धरला.