सोडून दे

डबा पुन्हा बसला. सकाळपासून चौथ्यांदा.

नवा रायपुरातल्या कंट्रोल रूममधून श्यामरावांचा फोन आला. "मॅडम, गाड्या गेल्या ना नकाशावरून!"

रुग्णवाहिकांचा ठावठिकाणा आमच्या कंपनीच्या त्या डब्यातूनच, म्हणजे सर्व्हरमधूनच, त्यांच्या स्क्रीनवर पोचतो. डबा पुन्हा उठायला दोन मिनिटं घेतो. तेवढा वेळ कोणती गाडी कुठे आहे, कोणालाच ठाऊक नाही.

आठ महिन्यांची इरावती मांडीवर दूध पीत होती. एका हाताने मी कर्नलचा, म्हणजे डबा चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, लॉग सरकवत होते.

प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, आपल्या सॉकेटची, म्हणजे ज्या जोडणीतून जायचं तिची, खूण घेऊन रांगेत उभं राहतं. त्या सॉकेटला किती जणांनी धरलंय, याचा आकडा कर्नल ठेवतो. शून्य झाला की सॉकेट मोडीत. इथे पॅकेट रांगेतच होतं आणि सॉकेट आधीच गेलेलं. पॅकेट निघताना कर्नल त्या नसलेल्या सॉकेटला हात लावायचा, आणि डबा आडवा.

मग कोडमधली ती ओळ दिसली. कंट्रोल रूममधली एखादी स्क्रीन बंद होताना आकडा एकाने उतरायला हवा, तो दोनाने उतरत होता. ओळ माझ्या हाताखालच्या पियुषची, सोमवारची.

मी त्याला फोन लावला. "काहून रे बाबू? सॉकेट दोनदा काहून सोडलं?"

"दीदी, आपने ही तो बोला था. मैंने पूछा, इस सॉकेट का क्या करूँ? आप बोलीं, सोडून दे. तो मैंने छोड़ दिया."

तेव्हा पोरगी रडत होती. मला म्हणायचं होतं, नादी लागू नकोस त्याच्या; त्याने आकडा आणखी एकाने उतरवला.

"चूक माझी आहे, पियुष. ती ओळ काढ. नवा कर्नल बनव, लवकर."

वीस मिनिटांत कर्नल तयार झाला, पण तो टाकायला डबा बंद करावा लागणार होता.

"आता नको, मॅडम," श्यामराव म्हणाले. "आरंगहून बाळंतपणाची बाई येऊन राहिली. ड्रायव्हर नवा आहे, रस्ता आम्हीच सांगून राहिलो."

"मग तोवर कोणी स्क्रीन बंद करू नका. एकही नाही. बंद केली की डबा बसेल."

पलीकडे ते ओरडले, "ए, माउस को हाथ मत लगाना कोई!"

अकरा मिनिटं. इरावती झोपली तरी मी तिला खाली ठेवलं नाही.

"पोचली," श्यामराव म्हणाले. "टाका."

टाकला. दोन मिनिटांनी गाड्या दिसल्या.

"आता एक स्क्रीन बंद करा."

"नक्की ना, मॅडम?"

"करा."

फोनवर खटका ऐकू आला.

"गाड्या चालून राहिल्या," ते हळूच म्हणाले.